चौथीचा चंद्र

अधिक महिना दर तिसऱ्या वर्षी येतो आणि जावयांची चंगळ होते. ऑलिंपिक दर चौथ्या वर्षी येते आणि चंगळ होते ती वाद घालणाऱ्यांची. ज्याने जन्मात हॉकीची काठी हातात धरलेली नाही तो पेनल्टी कॉर्नर कसा घ्यावा हे सांगू लागतो, आणि ज्याला जिना चढताना धाप लागते तो चारशे मीटरच्या शर्यतीत दम कुठे राखून ठेवावा याची चर्चा करतो. मीही त्यांतलाच. 1952 पासून 2024 पर्यंत 19 ऑलिंपिके झाली. त्यांतले एकही मी मैदानात बसून पाहिलेले नाही. काही ऐकली, काही वाचली, आणि पुढे पुढे घरात बसून पाहिली. एवढ्या पुंजीवर माणसाला मत बाळगण्याचा अधिकार पोचतो की नाही, हे वाचकांनी ठरवावे. मत मात्र आहे.

वाद नेहमी एकाच ठिकाणी येऊन अडतो. आपल्या देशाचा ऑलिंपिकमधला सर्वांत मोठा क्षण कोणता? तरुण मंडळी नीरज चोप्राचा भाला पुढे करतात. मधल्या वयाचे अभिनव बिंद्राची रायफल काढतात. माझ्या वयाचे जे थोडे शिल्लक आहेत ते ध्यानचंदांवर येतात, आणि 15 ऑगस्ट 1936 ला बर्लिनमध्ये आपण जर्मनीला 8-1 असे हरवले हे जणू स्वतः गोल मोजल्यासारखे सांगतात. तेव्हा आमच्यापैकी कुणी जन्मलेलेसुद्धा नव्हते. पण आठवणीला जन्मदाखला कोण मागतो?

माझा क्षण ह्या सगळ्यांपुढे लहान आहे. तो सोन्याचा नाही, चांदीचाही नाही, काशाचा आहे. पण त्यात आमच्या घरचे दहा रुपये आहेत.

आम्ही कराडचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर होते. गोळेश्वर हे गाव कराडला अगदी लागून, आणि तिथल्या दादासाहेब जाधवांचे घराणे पैलवानांचे. त्यांचे धाकटे चिरंजीव खाशाबा कराडच्या टिळक हायस्कुलात शिकले आणि पुढे कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. 1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनच्या ऑलिंपिकला जाऊन आले होते. तांबड्या मातीत वाढलेला गडी तिथे गादीवर कुस्ती खेळला आणि सहावा आला. आमच्या पेठेत त्या सहाव्या क्रमांकाचे इतके कौतुक होते की मला कित्येक दिवस सहावा म्हणजे पहिल्याच्याही वरचा नंबर असावा असे वाटत असे.

1952 ला हेलसिंकीला जायचे म्हणजे पैसा हवा. तो उभा कसा राहिला ही कथा आता पुष्कळांना ठाऊक आहे. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. उरलेले गावोगावच्या वर्गणीतून आले. आमच्या अण्णांनी ह्या वर्गणीत दहा रुपये घातले. आज दहा रुपयांत चहा मिळतो. तेव्हा मास्तरच्या घरात दहा रुपये म्हणजे महिन्याच्या वाणसामानाचा एक मोठा तुकडा होता. अण्णांनी आईला सांगितले नव्हते. वाण्याची उधारी थकली तेव्हा बातमी फुटली.

"पोरांच्या अंगावर धड सदरा नाही, आणि तुम्ही कुस्तीला पैसे वाटता?" आई म्हणाली.

"कुस्तीला नव्हे गं. गोळेश्वरच्या पोराला दिले," अण्णा म्हणाले.

हे काही उत्तर नव्हे, हे मला त्या वयातही कळले. आईला तर कळलेच. त्या महिन्यात आमच्या ताटातली तुरीची डाळ जरा जास्तच पातळ झाली, आणि विचारले की आई म्हणे, "तुझ्या अण्णांना विचार. हेलसिंकीला गेली." त्या गावाचे नाव मी भूगोलात शिकण्याआधी आमटीत शिकलो.

23 जुलैला खाशाबांना ब्राँझ पदक मिळाले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या इशीशी त्यांची कुस्ती बराच वेळ चालली आणि थोडक्यात हुकली. ती संपते न संपते तोच त्यांना रशियन मल्लाशी लढायला बोलावले. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम त्यांच्या वतीने बजावून सांगायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले अंग घेऊन खाशाबा उभे राहिले आणि हरले. इशीला सुवर्ण, रशियनाला रौप्य, आणि आमच्या दहा रुपयांना ब्राँझ. दुसऱ्याच दिवशी भारताने हॉकीत हॉलंडला 6-1 असे हरवले, त्यांत एकट्या बलबीरसिंगचे पाच गोल. देशाने अर्थातच हॉकीचे पेढे वाटले. कुस्तीची बातमी त्या पेढ्यांच्या कागदाखाली गेली.

कराडात मात्र उलटे झाले. खाशाबा परत आले त्या दिवशी शंभरावर बैलगाड्या जुंपल्या होत्या. हलगी, लेझीम, गुलाल. मिरवणुकीला सात तास लागले असे छापून येते. मी काही घड्याळ लावून बसलो नव्हतो, पण दुपारी अण्णांच्या खांद्यावर बसलेला मी खाली उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती, एवढे खरे. गर्दीत आई पुढे झाली आणि तिने कुणाच्या तरी ताटातले निरांजन घेऊन ओवाळले. नंतर घरी येताना म्हणाली, "पोरगं वाळलंय किती! ह्याला कुणी जेवायला घातलं की नाही तिकडं?" डाळीचा विषय त्या दिवसापासून मिटला.

परत आल्यावर खाशाबांनी काय केले, तर कुस्त्यांचे फड भरवले, त्यांत स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवले. पदकवीराच्या चरित्रातला हा भाग मला पदकाहून मोठा वाटतो. अण्णा वर्गात व्यवहारी अपूर्णांक शिकवताना हेच उदाहरण घालीत.

ह्यानंतरच्या माझ्या ऑलिंपिकच्या आठवणी निघतात त्या बहुतेक चौथ्या क्रमांकाच्या. गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये, पाहिला तर चोरीचा आळ येतो, असे आपण मानतो. प्रत्यक्ष श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याचा आळ आला. आपल्या देशाने ऑलिंपिकमध्ये तो चौथीचा चंद्र इतक्या वेळा पाहिला आहे की विचारू नका. 1956 साली मेलबर्नला आपला फुटबॉलचा संघ चौथा आला. होय, फुटबॉलचा! मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. आज रस्त्यात दहा जणांना त्याचे नाव विचारा.

आणि मग 1960 चा मिल्खासिंग. मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होतो. गणपती नुकतेच पोचवले होते, आवाज बसले होते, आणि 6 सप्टेंबरला रोममध्ये चारशे मीटरची अंतिम शर्यत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या खाणावळीत वर्तमानपत्राचा एकच अंक, त्याच्यावर वीस डोकी. मिल्खासिंग 45.6 सेकंद, तिसरा आलेला दक्षिण आफ्रिकेचा स्पेन्स 45.5. पहिले दोघे, डेव्हिस आणि काउफमान, एकाच वेळेत, 44.9 सेकंदांत, जागतिक विक्रम मोडून गेलेले. म्हणजे मिल्खा काही हळू धावला नव्हता. त्याची ती वेळ पुढे जवळजवळ चाळीस वर्षे भारतात कुणाला मोडता आली नाही. पण आपल्याला वेळ नको असते, कारण हवे असते. "मागे वळून पाहिलं, म्हणून गेलं!" हे वाक्य त्या सकाळी मी पहिल्यांदा ऐकले आणि नंतर साठ वर्षे ऐकत आलो. ज्यांनी शर्यत पाहिली नाही त्यांनीच ते सर्वांत जास्त सांगितले. चौथीच्या चंद्राचा आळ तो हाच. फाळणीत आईबापांना डोळ्यांसमोर गमावलेला एक मुलगा जगातल्या चार सर्वांत वेगवान माणसांत जाऊन उभा राहिला, आणि आम्ही खाणावळीत आमटी ओरपत त्याची मान कुठे वळली याचा पंचनामा करीत होतो.

त्याच आठवड्यात हॉकीचा अंतिम सामनाही आपण पाकिस्तानकडून 0-1 असा गमावला. 1928 पासून ऑलिंपिक हॉकीत भारत एकही सामना हरला नव्हता. आमच्या लेखी हॉकीचे सुवर्ण म्हणजे दिवाळीतली करंजी, ती असायचीच. त्या वर्षी डबा उघडला आणि करंजी नव्हती.

म्हणून 1964 चे टोकियो गोड झाले. मी तेव्हा मुंबईत एका बँकेत कारकून होतो. 23 ऑक्टोबर, शुक्रवार, कामाचा दिवस. आमच्या रोखपालाने टेबलाच्या खणात ट्रान्झिस्टर ठेवला होता, आणि खण अर्धा उघडा टाकून तो नोटा मोजीत होता. प्रतिस्पर्धी पुन्हा पाकिस्तान. काउंटरपलीकडे पितळेची टोकने घेऊन बसलेले ग्राहक एरवी पाच मिनिटे उशीर झाला तरी मॅनेजरकडे जाणारे. त्या दिवशी त्यांचे नंबर पुकारले तरी एकही उठेना. एक गुजराती शेटजी तर हळूच म्हणाले, "पैसे पछी, पहेले खण पूरा खोलो." मोहिंदरलालने पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला आणि मग उरलेला सगळा वेळ गोलरक्षक शंकर लक्ष्मणच्या नावाचा जप. पाकिस्तानचा प्रत्येक हल्ला आला की रोखपालाची बोटे नोटांवर थांबत, आणि मग तो पहिल्यापासून मोजू लागे. 1-0. खण धाडकन बंद झाला, मॅनेजर खोलीतून बाहेर आले, आणि आम्ही सगळे घाबरलो, तर ते म्हणाले, "किती?" "एक-शून्य, साहेब." "मग खण बंद कशाला केलात?"

दिवाळी बारा दिवसांवर होती. त्या संध्याकाळी गिरगावातल्या आमच्या चाळीत पोरांनी दिवाळीसाठी आणलेल्या लवंगीच्या माळा तेव्हाच उडवल्या. मोठ्यांपैकी कुणीही रागावले नाही. मी अण्णांना पत्र टाकले. त्यांचे उत्तर पोस्टकार्डावर आले: हॉकीचे सुवर्ण परत आले, फार आनंद झाला, तब्येत सांभाळ, खाशाबा आता पोलीस खात्यात आहेत, परवा गावी आले होते, भेट झाली. टोकियोच्या सुवर्णाला अर्धी ओळ, खाशाबांना दीड. माणसाची वर्गणी जिथे असते तिथेच त्याचे डोळे असतात.

मग फार मोठा दुष्काळ पडला. हॉकीत 1968 आणि 1972 ला ब्राँझ, 1976 ला तेही नाही. 1980 ला मॉस्कोत स्पेनला 4-3 हरवून सुवर्ण मिळाले, पण अनेक देश आलेच नव्हते, त्यामुळे त्या आनंदात एक खडा राहिला. अण्णा त्याआधी वर्षभरच गेले. खाशाबांनंतर दुसरे वैयक्तिक पदक त्यांना पाहायला मिळाले नाही.

1984 च्या ऑगस्टात लॉस एंजेलिसला पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आली. तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या मुलीची वेळ 55.41, उषाची 55.42. एक शतांश सेकंद. आमच्या घरात त्या दिवशी कुणी नीट जेवले नाही. सौभाग्यवतीने विचारले, "अहो, शंभरावा भाग म्हणजे नक्की किती?" मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चारशे मीटर अंतर, साडेपंचावन्न सेकंद. त्या वेगाने एक शतांश सेकंदात माणूस सुमारे सात सेंटिमीटर पुढे सरकतो. मी तिला चार बोटे जोडून दाखवली. ती कितीतरी वेळ स्वतःची चार बोटे पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढं तर पोळी लाटताना इकडचं तिकडं होतं." उषाने शेवटी छाती पुढे टाकली नाही, हा आळ दुसऱ्या दिवसापासून सुरू झालाच.

ते ऑलिंपिक 12 ऑगस्टला संपले. 14 ऑगस्टला खाशाबा जाधव रस्त्यावरच्या अपघातात गेले. मला ते कराडहून चुलतभावाच्या पत्राने कळले. उषाच्या चार बोटांची चर्चा अजून सर्वत्र चालू होती, आणि ज्याने बत्तीस वर्षांपूर्वी ती चार बोटे ओलांडली होती तो माणूस गेला, हे आमच्या कचेरीत सांगावे तर आधी तो कोण हे सांगावे लागले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तोही मृत्यूनंतर पंधरा-सोळा वर्षांनी. त्या रात्री मला अण्णांची फार आठवण आली.

1996 ला अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये ब्राँझ मिळवले. पहिला सेट हरून नंतरचे दोन जिंकले. त्याचे वडील वेस पेस, मूळचे गोव्याचे, 1972 च्या म्युनिकच्या ब्राँझविजेत्या हॉकी संघात होते. म्हणजे त्या घरात पदक होतेच, त्याला जोड मिळाली. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत एक वाक्य होते: 1952 च्या के. डी. जाधव यांच्यानंतर 44 वर्षांनी भारताला वैयक्तिक पदक. बँकेच्या कँटीनमध्ये एका तरुण सहकाऱ्याने विचारले, "साहेब, हे के. डी. जाधव कोण हो?" तुम्हांला सांगतो, ह्या प्रश्नाची मी 44 वर्षे वाट पाहत होतो. जेवणाची सुट्टी संपली तरी माझी बैलगाड्यांची मिरवणूक स्टेशनातून निघतच होती.

त्यानंतर दिवस पालटले. 2000 ला सिडनीत कर्णम मल्लेश्वरी, भारतीय स्त्रीचे पहिले पदक. 2008 ला बीजिंगला अभिनव बिंद्राचा शेवटचा नेम 10.8 वर लागला आणि पहिले वैयक्तिक सुवर्ण आले. त्याच बिंद्राला 2016 ला रिओत चौथीच्या चंद्राने गाठलेच. रिओतच दीपा कर्माकर जिम्नॅस्टिक्समध्ये चौथी. आणि आमच्या साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. जिथे पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट करावी लागते त्या माणदेशातली मुलगी पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारीत जगात दहावी येते, हे पाहून मी घरात एकटाच उभा राहून टाळ्या वाजवल्या. 2021 ला टोकियोत जर्मनीला 5-4 हरवून हॉकीत 41 वर्षांनी पदक आले. शेवटच्या क्षणी पेनल्टी कॉर्नर अडवून श्रीजेश गोलपोस्टवर चढून बसला तेव्हा मला रोखपालाचा खण आठवला. दोन दिवसांनी नीरजचा भाला 87.58 मीटरवर रुतला. नातू नाचला, मीही बसल्या बसल्या नाचलो. त्या पोराचा क्षण तो. त्याच्याशी मी वाद घालत नाही.

पॅरिसला 2024 मध्ये आपल्या वाट्याला सहा चौथे क्रमांक आले. सहा! सौभाग्यवती म्हणाली, "आता बाई चतुर्थीला टीव्हीच लावायचा नाही." त्यातच 1 ऑगस्टला दुपारी स्वप्नील कुसाळेचा सामना होता. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी हे त्याचे गाव, रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी. पन्नास मीटर रायफल, तीन अवस्था: गुडघ्यावर बसून, पालथे पडून, उभे राहून. पहिल्या दोन अवस्था संपल्या तेव्हा तो पाचवा होता. नातवाने गणित मांडले, मी चष्मा पुसला. उभ्या अवस्थेत माणसाला टेकायला काही नाही. श्वास, हात आणि छातीतले ठोके. पोरगा शांत होता, इतका की मला त्याचाच राग येऊ लागला. एकेक नेमबाज बाहेर पडू लागला. पाचवा कोण हे ठरले, तो आमचा नव्हता. मग चौथा कोण हे ठरायचे होते.

सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत येईना. "सांगा मला काय ते," म्हणाली, आणि तोंड फिरवून उभी राहिली.

नातू ओरडला. खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि तेही काशाचेच. मी अण्णांच्या फोटोकडे पाहिले. कोल्हापूरला कुणाला वर्गणी द्यावी लागली असेल, कुणी काय गहाण टाकले असेल, असले काहीबाही मनात येत होते.

"मिळालं?" सौभाग्यवतीने तोंड न वळवता विचारले.

"मिळालं. तिसरा."

"मग चौथा कोण?"

"असेल कुणी तरी. तिकडचा."

ती आत आली, खुर्चीवर बसली, पदराने डोळे पुसले. टीव्हीवर स्वप्नीलला मिठ्या चालल्या होत्या. ती मात्र पडद्याच्या कडेला कुणाला तरी शोधत होती.

"त्याच्या घरी आता कसं असेल हो?" ती म्हणाली.